ओळंबा, पृथ्वी आणि दोन सूत

माझे वडील गवंडी होते. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. थापी, गुण्या, पाणसळ आणि ओळंबा एवढाच त्यांचा संसार. त्यातला ओळंबा मला फार आवडायचा. पितळेचा लहानसा लट्टू आणि त्याला बांधलेली सुती दोरी. अब्बा भिंतीच्या डोक्यावर दोरी धरायचे, लट्टू थोडा वेळ झुलायचा आणि मग शांत व्हायचा. ते एक डोळा मिटून बघायचे. ‘भिंत खोटं बोलेल, ओळंबा नाही बोलणार’, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एका घराच्या पडवीची लांब भिंत चालली होती. संध्याकाळी ओळंबा लावला तेव्हा एका कोपऱ्याला भिंत दोन सूत बाहेर गेलेली दिसली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच. वर गिलावा चढला असता तर कुणाच्या बापालाही कळलं नसतं. पण अब्बांनी मालकाला स्वतःहून सांगितलं. मालकाने वरचे तीन थर उतरवायला लावले आणि त्या दिवसाची मजुरी कापली. घरी आल्यावर अम्मी चिडली. म्हणाली, ‘‘गिलावे के नीचे किसको दिखनेवाला था?’’ अब्बा हात धूत म्हणाले, ‘‘ऊपर छप्पर डालनेवाला दूसरा आएगा ना.’’

पृथ्वीबद्दल बोलायचं म्हणून मी वाचायला बसलो तेव्हा हे दोन सूत मला पुनःपुन्हा आठवत राहिले. मी बी.ए. झालेला माणूस. गणिताशी माझं शाळेतच फारसं पटलं नाही. पण पृथ्वीचा घेर किती, ती गोल की चपटी, तिच्या पोटात काय आहे, ही आज पाचवीतल्या मुलाला पाठ असणारी उत्तरं माणसाने कशी मिळवली, ही गोष्ट गणिताइतकीच माणसांच्या स्वभावाची आहे. आणि ती समजायला गवंड्याच्या मुलाला फारशी अडचण येऊ नये.

आणखी एक कारण आहे. कविता लिहीत असल्यामुळे मला निरनिराळ्या व्यासपीठांवर बोलावणी येतात. एका सभेत वक्ता सांगतो की पृथ्वी कुणी मोजली, तर आमच्या आर्यभटाने. बाकी सगळे मागून आले. टाळ्या पडतात. दुसऱ्या सभेत, जिथे माझ्या नावामुळे मला पहिल्या रांगेत बसवतात, तिथे दुसरा वक्ता सांगतो की पृथ्वी मोजली ती आमच्या अल्-बिरुनीने, आणि एक टक्कासुद्धा चूक झाली नाही. तिथेही टाळ्या पडतात. दोन्हीकडे मी गप्प बसलो आहे. आज ते गप्प बसणं सोडावं म्हणतो.

आधी अलेक्झांड्रियाला जाऊ. इजिप्तमधल्या या शहरात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस नावाचा ग्रीक विद्वान होता. तिथल्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा तो प्रमुख. पृथ्वी गोल आहे हे त्याच्या आधीच विद्वानांना मान्य झालेलं होतं. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली गोल दिसते, हा पुरावा ॲरिस्टॉटलने देऊन ठेवला होता. प्रश्न होता, गोल आहे ती केवढी?

दक्षिणेला सायीनी, म्हणजे आजचं अस्वान. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी तिथे सूर्य डोक्यावर येतो आणि विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचतं, अशी माहिती होती. त्याच दिवशी, त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. ही सावली मोजून त्याने ठरवलं की सूर्य डोक्यावरून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका ढळलेला आहे. म्हणजे दोन गावांमधलं अंतर हा पृथ्वीच्या घेराचा पन्नासावा भाग. अंतर ५,००० स्टेडिया धरलं होतं. पन्नासने गुणलं, अडीच लाख स्टेडिया झाले. एक सावली आणि एक गुणाकार, एवढ्यावर सगळी पृथ्वी कवेत आली.

आता यातली चूक बघा. अस्वान अलेक्झांड्रियाच्या सरळ दक्षिणेला नाही, थोडं पूर्वेला आहे. तिथे सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येत नाही, किंचित कमी पडतो. पाच हजार हा आकडाही गोळाबेरीज आहे. शिवाय स्टेडियम या मापाच्या लांब्या एकाहून अधिक होत्या. म्हणजे भिंत बरीच बाहेर होती. पण रीत बरोबर होती, आणि ती त्याने उघडी करून ठेवली. त्याचा मूळ ग्रंथ हरवला. पुढच्या काळातल्या क्लिओमेडीस या लेखकाने ती रीत नोंदवली म्हणून आपल्याला कळते.

आता आर्यभट. इसवी सन ४९९ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ रचला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तारे फिरताना दिसतात, हे त्याने स्पष्ट मांडलं. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसं हे आहे, असा दृष्टान्त दिला. या विचाराला आपल्याकडच्याच ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात विरोध केला. पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळत का नाहीत, असं त्याचं म्हणणं. दोघेही मोठे, आणि वाद उघड झाला. ही आपल्या परंपरेतली अभिमानाची गोष्ट आहे, असं मला वाटतं.

आर्यभटाने पृथ्वीचा व्यास दिला १,०५० योजनं. योजन म्हणजे किती? तर आठ हजार पुरुष, म्हणजे माणसाच्या उंचीच्या आठ हजार पट. आता गंमत बघा. माणूस पाच फुटांचा धरला तर व्यास येतो सुमारे १२,८०० किलोमीटर. आजचा सरासरी आकडा १२,७४२ आहे. म्हणजे जवळजवळ तंतोतंत! पण माणूस साडेपाच फुटांचा धरला की व्यास होतो १४ हजारांच्या वर. आर्यभटाच्या मनातला माणूस केवढा उंच होता, यावर सगळं अवलंबून. टाळ्या घेणारा वक्ता नेमका सोयीचा माणूस निवडतो.

आर्यभटानंतर सव्वातीनशे वर्षांनी बगदादला खलिफा अल्-मामूनची सत्ता होती. ग्रीक आणि भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ अरबीत येत होते. वाचलेलं खरं की खोटं हे तपासून बघायचं ठरलं. आजच्या इराकमधल्या सिंजारच्या सपाट मैदानात ज्योतिषी उतरले. एक तुकडी उत्तरेकडे निघाली, दुसरी दक्षिणेकडे. खुंट्या ठोकायच्या, दोर ताणायचे आणि मोजत चालायचं. ध्रुवाची उंची बरोबर एका अंशाने बदलली की थांबायचं. एका अंशाला छप्पन्न आणि दोन तृतीयांश अरबी मैल भरले. याला ३६० ने गुणलं की पृथ्वीचा घेर. शेताची मोजणी करणाऱ्या कुणालाही हे काम ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की शेत जरा मोठं होतं.

यानंतर अबू रेहान अल्-बिरुनी. जन्म ९७३, ख्वारिज्मचा, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातला. गझनीच्या महमूदाने ख्वारिज्म घेतलं तेव्हा इतर विद्वानांबरोबर यालाही गझनीला नेलं. ज्या माणसाच्या स्वाऱ्यांनी हिंदुस्थान होरपळला त्याच्याच पदरी राहून हा गृहस्थ संस्कृत शिकला, पंडितांशी बोलला, आणि त्याने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. ब्रह्मगुप्त आणि आर्यभट या दोघांचे विचार त्यात आले आहेत.

आज पाकिस्तानातल्या पंजाबात, मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा जुना किल्ला आहे. तिथे बिरुनीने पृथ्वी मोजली, आणि तीही न चालता. आधी डोंगराची उंची काढली. ती भरली सुमारे ६५२ हात. मग माथ्यावर उभं राहून समोरच्या मैदानाच्या टोकाला क्षितिजाकडे बघितलं. उंचावरून बघताना नजर आडव्या रेषेच्या किंचित खाली जाते, कारण पृथ्वी गोल आहे. किती खाली? ३४ कला. अंशाचे साठ भाग केले की एक कला. पौर्णिमेच्या चंद्राची आकाशातली रुंदी जेवढी दिसते, त्याहून हे थोडंसंच जास्त. एवढ्या कोनावरून आणि डोंगराच्या उंचीवरून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली : १ कोटी २८ लाख ३ हजार ३३७ हात.

किती सुंदर कल्पना! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती. पण इथेही तोच प्रश्न आहे. हात केवढा? ५० सेंटिमीटरचा धरला तर त्रिज्या ६,४०० किलोमीटर येते. आजचा आकडा ६,३७१ आहे. टाळ्या! पण हात ४५ सेंटिमीटरचा धरला तर त्रिज्या होते ५,७६०. शिवाय लांबून हवेतून येणारा प्रकाश वाकतो आणि त्यामुळे क्षितिज उचलल्यासारखं दिसतं, हे त्याच्या हिशोबात नव्हतं. तेव्हा ‘एक टक्कासुद्धा चूक नाही’ असं म्हणणारा, आर्यभटाचा माणूस आणि बिरुनीचा हात या दोन्हींवर अन्याय करतो.

बिरुनी स्वतः काय म्हणाला, ते मला त्याच्या आकड्याहून मोलाचं वाटतं. त्याने आपलं उत्तर मामूनच्या माणसांच्या उत्तराशेजारी ठेवलं. दोन्ही जवळपास आले. तेव्हा त्याने नोंदवलं की त्यांची उपकरणं अधिक सूक्ष्म होती, त्यांनी अधिक कष्ट घेतले होते, म्हणून त्यांचाच आकडा वापरावा. डोंगरावर एकट्याने एवढी करामत केल्यावर आपली भिंत किंचित बाहेर असेल, हे त्याने कबूल केलं. छप्पर घालणाऱ्यासाठी.

आता, माप कुणाचं हे न विचारता आकडा उचलला की काय होतं, त्याची गोष्ट. मामूनच्या काळातला तो छप्पन्न आणि दोन तृतीयांश मैलांचा आकडा अल्-फरघानी या ज्योतिषाच्या ग्रंथात आला. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं. तिथून तो कोलंबसाच्या नजरेस पडला. अरबी मैल सुमारे दोन किलोमीटरचा. कोलंबसाने तो इटालियन मैल समजून घेतला, जो दीड किलोमीटरहूनही थोडा कमी. पृथ्वी एकदम पाव हिस्सा आक्रसली! त्यात आशिया खंड आहे त्याहून रुंद धरलं. झालं, कॅनरी बेटांपासून पश्चिमेला जपान अवघ्या साडेचार हजार किलोमीटरवर आलं. प्रत्यक्षात ते वीस हजारांच्या घरात आहे.

आपण शाळेत ऐकत आलो की लोक पृथ्वी सपाट मानत होते आणि कोलंबस एकटा ती गोल मानत होता. हे खरं नाही. त्याला विरोध करणारे जाणकार पृथ्वी गोलच मानत होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ती तू म्हणतोस त्यापेक्षा फार मोठी आहे, तुझं अन्नपाणी पुरणार नाही. ते बरोबर होते. १२ ऑक्टोबर १४९२ ला मधेच जमीन लागली म्हणून माणसं वाचली. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांचं पुढे काय झालं, ते आपल्याला ठाऊक आहे.

घेराचा प्रश्न सुटत आला तसा आकाराचा उभा राहिला. १६७२ मध्ये जाँ रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला. पॅरिसला बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. आपण असतो तर घड्याळजीला शिव्या दिल्या असत्या. रिशेने फरक लिहून ठेवला. न्यूटनने १६८७ मध्ये त्याचा अर्थ लावला : तिथे पृथ्वीची ओढ कमी आहे, कारण स्वतःभोवती फिरल्यामुळे पृथ्वी मध्यावर फुगलेली आणि ध्रुवांपाशी दबलेली आहे. पॅरिसमधल्या कासिनी घराण्याचं मत उलटं होतं. त्यांच्या मते पृथ्वी ध्रुवांकडे लांबट. वाद मिटवायला फ्रान्सने एक तुकडी विषुववृत्ताकडे पाठवली, आजच्या इक्वेडोरला, आणि एक उत्तरेला लॅपलँडच्या बर्फात. उत्तरेकडे एका अंशाचं अंतर जास्त भरलं. न्यूटन बरोबर निघाला. आज आपल्याला माहीत आहे की विषुववृत्तावर पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवावर ६,३५७. फरक अवघा एकवीस किलोमीटर. शाळेत आपल्याला संत्र्याची उपमा देतात, पण एवढं गोल संत्रं नागपूरच्या बाजारातही मिळायचं नाही.

आता ज्याच्यासाठी मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, त्या माणसाकडे वळतो. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ठरलं की माप राजाच्या हातापायावरून नको, ते सगळ्या माणसांच्या मालकीचं हवं. म्हणून उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. आर्यभटाचा माणूस आणि बिरुनीचा हात यांचा घोळ कायमचा संपवण्याची ही युक्ती! त्यासाठी १७९२ ते १७९८ या काळात देलांब्र आणि मेशाँ या दोघांनी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचं अंतर मोजलं. मेशाँकडे दक्षिणेची बाजू होती. बार्सिलोनाजवळच्या किल्ल्यावरून त्याने ताऱ्यांची निरीक्षणं घेतली. मग फ्रान्स आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटलं, किल्ल्यावर जाणं बंद झालं. शहरातल्या एका खानावळीतून त्याने पुन्हा निरीक्षणं घेतली. दोन्ही जुळायला हवी होती. जुळली नाहीत. फरक तीन विकलांचा. कलेचे साठ भाग केले की एक विकला. जमिनीवर हा फरक शंभरेक मीटर.

मेशाँ त्या काळातला अतिशय काटेकोर निरीक्षक म्हणून नावाजलेला. त्याला हे सहन झालं नाही. त्याने फरक लपवला. पॅरिसला परत जायला टाळाटाळ केली. मानसन्मान मिळाले, ते त्याला टोचत राहिले. शेवटी मोजणी आणखी दक्षिणेला नेण्यासाठी तो पुन्हा स्पेनला गेला आणि १८०४ मध्ये तिथे तापाने मेला. त्याचे कागद देलांब्रच्या हाती आले, तेव्हा खरी गोष्ट उघडी पडली. देलांब्रने ते कागद जाळले नाहीत. पुढच्यांसाठी जपून ठेवले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की दोष मेशाँच्या कसबाचा कमी आणि उपकरणाचा जास्त होता. त्याने बोलून दाखवलं असतं तर ती चूक विज्ञानाच्या कामी आली असती आणि माणूस कदाचित चार वर्षं जास्त जगला असता. मीटर मात्र जवळजवळ एक पंचमांश मिलिमीटरने आखूडच राहिला. त्याचं मुख्य कारण वेगळं होतं : पृथ्वी किती दबलेली आहे, याचा अंदाज चुकला होता. आपल्या घराघरातल्या मोजपट्टीत ती चूक आजही आहे, आणि आपलं काही अडत नाही.

आता आपल्याकडे येऊ, माझ्या जिल्ह्यात. वर्धा जिल्ह्यात वणा नदीच्या काठी हिंगणघाट आहे, कापसाची जुनी बाजारपेठ. २० जानेवारी १८२३ रोजी तिथे विल्यम लँबटन नावाचा वृद्ध इंग्रज अधिकारी वारला. तो नागपूरला निघाला होता. त्याला तिथेच पुरलं. कितीदा मी हिंगणघाटवरून एसटीने गेलो असेन, पण या मातीत पृथ्वी मोजणारा माणूस झोपलेला आहे हे मला फार उशिरा कळलं.

लँबटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ आधाररेषा मोजायला सुरुवात केली. साडेसात मैलांची एक रेषा साखळीने मोजायला सत्तावन्न दिवस लागले! मग तिच्यावर त्रिकोण उभे करायचे. एक बाजू आणि कोन कळले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. त्रिकोणावर त्रिकोण रचत देश चढत जायचा. कोन मोजणारं थिओडोलाइट हे यंत्र अर्ध्या टनाचं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र दगडावर आपटलं. लँबटनने तंबूत बसून दीड महिन्यात ते स्वतः दुरुस्त केलं. त्याच्या मृत्यूनंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. कन्याकुमारीपासून मसुरीजवळच्या डोंगरांपर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरचा कणा तयार झाला.

हे साहेबांच्या सत्तेचं काम होतं, हे विसरायचं कारण नाही. जमीन मोजायची ती महसूल आणि फौज यांच्यासाठीही. पण काम केवळ साहेबांनी केलं नाही. एव्हरेस्टचा इंग्रज यंत्रकार बॅरो सोडून गेल्यावर यंत्रांची जबाबदारी आली अर्काटच्या सैयद मीर मोहसीन हुसेन यांच्यावर. विकलेचा भाग दाखवणारी ती यंत्रं त्यांच्या हातांनी चालती ठेवली. बंगालचे राधानाथ सिकदार १८३१ मध्ये गणक म्हणून दाखल झाले. जगातल्या सर्वोच्च शिखराची उंची ज्या आकडेमोडीतून निघाली तिचे ते प्रमुख. १८५६ मध्ये ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने जाहीर केलेली उंची आहे ८,८४८.८६ मीटर. फरक फक्त नऊ मीटरचा. शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं. आणि साखळ्या ओढणारे, निशाण धरून टेकडीवर उभे राहणारे, रात्रभर दिव्यात तेल घालणारे खलाशी? जंगलातल्या तापाने त्यांच्यातले कितीतरी गेले. त्यांची नावं त्रिकोणांत नाहीत.

आता शेवटची गोष्ट, ओळंब्याची. मध्य प्रदेशात सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरजवळचं कलियाना, या दोन ठिकाणांमधलं अंतर एव्हरेस्टच्या माणसांनी दोन रीतींनी काढलं. एकदा जमिनीवरच्या त्रिकोणांनी, एकदा ताऱ्यांवरून. फरक आला ५.२३६ विकला. सहाशे किलोमीटरांत सुमारे १६० मीटर. एव्हरेस्टला वाटलं, मोजणीतल्या लहानसहान चुका साचल्या असतील. पण फरक कागदावर राहिला.

कलकत्त्याला जॉन प्रॅट नावाचे धर्मोपदेशक होते, गणितात पक्के. त्यांच्या मनात वेगळी शंका आली. ताऱ्यांची उंची मोजताना सरळ खाली कोणती दिशा, हे ओळंब्याने ठरवतात. आणि ओळंबा तर डोंगराकडे ओढला जातो! स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन या डोंगरापाशी मॅस्केलिनने १७७४ मध्ये ते मोजून दाखवलं होतं. इथे तर शेजारी हिमालय. तेव्हा कलियानाचा ओळंबा उत्तरेकडे झुकलेला असणार. प्रॅटनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशोब मांडला आणि १८५५ मध्ये उत्तर दिलं. फरक पाच विकलांचा नाही, जवळजवळ सोळा विकलांचा यायला हवा होता. म्हणजे ओळंबा झुकला होता, पण हिमालयाच्या आकाराच्या मानाने फार कमी.

एवढा मोठा डोंगर, मग त्याची ओढ एवढी कमी का? त्याच वर्षी इंग्लंडच्या एअरीने उत्तर सुचवलं. पाण्यावर ओंडका तरंगतो तेव्हा त्याचा मोठा भाग पाण्याखाली असतो. तसंच डोंगराच्या खाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असावं. डोंगर जमिनीवर ठेवलेला नाही, तो खालच्या जड थरावर तरंगतो आहे. प्रॅटनी १८५९ मध्ये वेगळी उपपत्ती मांडली. पण मुळं खोल असतात हे पुढे भूकंपाच्या लहरींनी दाखवलं. खंडांखाली पृथ्वीचं कवच साधारण ३५ किलोमीटर जाड असतं. तिबेटखाली ते सत्तरच्या आसपास आहे. पृथ्वीच्या पोटात कुणी उतरलं नव्हतं, खणलं नव्हतं. पाच विकलांचा न जुळलेला हिशोब कुणीतरी गिलाव्याखाली झाकला नाही, म्हणून हिमालयाची मुळं सापडली.

तेव्हा अब्बांचं वाक्य मला थोडं दुरुस्त करावं लागेल. कलियानाला ओळंबा तिरका होता. पण खोटं तो तिथेही बोलला नाही. डोंगराबद्दलची खरी गोष्ट तो सांगत होता, ऐकणारा प्रॅट भेटेपर्यंत.

आज कृत्रिम उपग्रहांनी पृथ्वीची ओढ जागोजाग मोजलेली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराची पातळी पृथ्वीच्या आखीव गणिती आकारापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे, कारण तिथे ओढ कमी आहे. समुद्रसुद्धा सपाट नाही! विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर, ध्रुवांवरून ४०,००८. हे आकडे ज्या पानावर छापलेले असतात तिथे सावली मोजणारा ग्रंथपाल नसतो, आठ हजार माणसं एकावर एक उभी करणारा तेवीस वर्षांचा तरुण नसतो, नंदनाचा एकटा माणूस नसतो, रडवेला मेशाँ नसतो आणि निशाण धरलेला खलाशीही नसतो. पण भिंत त्यांचीच आहे.

म्हणून पुढच्या सभेत कुणी विचारलं की पृथ्वी पहिल्यांदा कुणी मोजली, आमच्या की त्यांच्या, तर मी सांगणार आहे : थर कुणाचा ते मला ठाऊक आहे. एकावर दुसरा बसला कारण खालच्याने आपलं माप आणि आपली रीत सांगितली होती. जिथे सांगितली नाही, किंवा वरच्याने विचारली नाही, तिथे जहाजं भरकटली आणि माणसं झुरून मेली. टाळ्या कमी पडतील. चालेल.

अब्बा गेले त्याला बरीच वर्षं झाली. ओळंबा माझ्याकडे आहे, पुस्तकांच्या कपाटाला खिळ्यावर टांगलेला. पडवीच्या त्या घरात आता मालकाचा नातू राहतो. मागे एकदा गेलो होतो तेव्हा त्याने वर मजला चढवायला काढला होता. नवा गवंडी जुन्या भिंतीला ओळंबा लावून बघत होता. मला ओळखत नव्हता. म्हणाला, ‘‘कोणी बांधली माहीत नाही, पण भिंत सरळ आहे साहेब. वर चढवायला हरकत नाही.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)